अकोल्याहून फोन येऊ नये म्हणून

बायको-मुलगी पुण्याला आणि मी अमरावतीत, असं दोन वर्षं चाललं होतं. पुण्याच्या शाखेत जागा होती, पण साहेब सोडेनात. "संत्र्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर तुह्याशिवाय कोनाले तयार करता येते? काय काय लागते ते सारं लिहून दे. अकोल्याच्या मॅडमनं तुले एकही फोन न करता ते बनवून दाखवलं, का तू मोकळा."

या भागात कंपनीत सॉफ्टवेअरचे आम्ही दोघंच. मी इकडे, त्या अकोल्यात.

मोर्शीकडची संत्र्याची प्रतवारी करणारी निम्मी यंत्रं जुनी, बत्तीस बिटची. निम्मी नवी, चौसष्टची. दोन्हींसाठी सॉफ्टवेअर एकाच कॉम्प्युटरवर बनवायचं, म्हणजे प्रत्येक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, दोन्ही मापांत हवी. चप्पल तीच, नंबर वेगळे. हात्तिच्या, त्यात काय! दोन दिवसांत यादी खरडली, अकोल्याला धाडली आणि बायकोला सांगून मोकळा झालो की आता आलोच.

दुसऱ्याच दिवशी फोन. "भाऊ, एक लायब्ररी सापडत नाही म्हनते."

"काहून? माह्याकडं तर चालते!"

"तुमच्याकडं चालनच. माहा कॉम्प्युटर कोरा हाये."

डोकंच फिरलं. माझ्या कॉम्प्युटरवर इतक्या वर्षांत काय काय येऊन बसलं होतं, ते मलाच ठाऊक नव्हतं. यादीत मी फक्त आठवलं तेवढं लिहिलं होतं. एक लायब्ररी घातली की दुसरी अडायची, चौसष्टची सापडली की बत्तीसची रुसायची. दर फोनला साहेबांचं एकच, "पुढच्या महिन्यात पाहू." मुलगी आधी विचारायची, बाबा कधी येणार? मग ती फक्त जेवलात का, एवढंच विचारू लागली. त्याचा मला फार त्रास व्हायचा.

शेवटी वैतागून अकोल्याची बस धरली. मॅडमच्या मागे खुर्ची टाकून तोंड मिटून बसलो. त्या यादी वाचून एकेक करत होत्या. जिथं अडतील ते मी लिहीत होतो. कॅमेऱ्याची बत्तीस बिटची लायब्ररी तर मी कधीतरी हंगामाच्या घाईत, मोर्शीच्या गोदामात उभ्या उभ्या पेनड्राइव्हवरून टाकली होती. ती कुठंच लिहिलेली नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी त्यांनी डब्यातली भाकर पुढे केली. म्हणाल्या, "नवरा नाशिकले हाये माहा. मीबी बदलीचा अर्ज टाकला." मी हं म्हटलं आणि जेवताजेवता यादीच तपासत राहिलो.

चार दिवसांनी त्यांनी कॉम्प्युटर पुसून कोरा केला आणि नव्या यादीच्या पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. मी अमरावतीत फोन समोर ठेवून बसलो. फोन आला तो संध्याकाळी, साहेबांचा. "झालं बा! सुटला तू. आता मॅडमच पायतीन सारं."

मी ओरडलोच. पहिला फोन मुलीला केला, दुसरा अकोल्याला.

"मॅडम, लय उपकार झाले तुमचे!"

"एकबी फोन नाही केला, भाऊ. कागद चांगला लिहिला तुमी." मग म्हणाल्या, "माहा अर्ज परत आला आज. साहेब म्हनते, हाच कागद वाचून दुसऱ्या कोनी बनवून दाखवलं का तुमी मोकळ्या. तुमी गेल्यावर दुसरं कोन हाये, भाऊ?"