उतरवलेल्या दोन ढेपा

आमच्या ह्यांचा बीएमआय एकोणतीसवरून बावीस पूर्णांक आठवर आला, तेव्हा मी सावेडीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

मागच्या वर्षी स्कूटरवरून पडून ह्यांचा पाय मोडला. दवाखान्यात नर्सनं वजन घेतलं, चौऱ्याऐंशी. बीएमआय काढायला किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं, हे तिनंच शिकवलं. आपल्या लोकांचा आकडा तेविसाच्या आत हवा, असं ती बजावून गेली. तिकडे गावी, तिसगावला, सासूबाईंनी नवस बोलून टाकला: पोरगा स्वतःच्या पायानं देवळात आला, की त्याच्या वजनाइतका गूळ वाटीन. वजन किती, असं त्यांनी फोनवर विचारलं आणि मी सांगितलं.

पाय बरा झाला. मग वजन उतरू लागलं. मी दर रविवारी ह्यांना काट्यावर उभं करायचे आणि वहीत भागाकार करायचे. मनात कुठेतरी टोचत होतं, नाही असं नाही. ताटातल्या भाकरी कमी झाल्या नव्हत्या. पाण्याची बाटली सारखी तोंडाला. पण आकडा सुधारत होता, आणि आकड्याशी कोण भांडणार? उलट चेहरा उतरला म्हणणाऱ्या जावेला मी चांगलंच सुनावलं.

यंदा नवस फेडायचं ठरलं. सासूबाईंनी दहा किलोच्या आठ ढेपा आणि वर अर्धी, असा गूळ जुन्या आकड्यावर आणून ठेवला होता. देवळातल्या मोठ्या तराजूत हे एका पारड्यात बसले आणि दुसऱ्यात गूळ चढला. गुळाचं पारडं जे खाली बसलं ते हलेचना. एक ढेप उतरवली, लोक हसले. दुसरी उतरवली. वर नारळ ठेवला तेव्हा कुठे काटा मधोमध आला.

मी त्या दोन ढेपांकडे बघत राहिले. एकेक उचलायला माणसाला दोन्ही हात लागत होते. एवढं ह्यांच्या अंगातून गेलं होतं, आणि मी ते वहीत सुबक अक्षरात लिहून ठेवत होते.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "एवढं गेलं कुठं गं? तू त्याला जेवाया घालती का न्हाई?"

एरवी मला राग आला असता. त्या दिवशी मी ह्यांना एवढंच म्हटलं, उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टर गाठले. मी वही पुढे केली. आकडा योग्य आहे, पण तो कशानं खाली आला हे आकडा सांगत नाही, असं ते म्हणाले. त्यांनी बोटातून रक्त घेऊन साखर बघितली, मग दुसऱ्या बोटातून पुन्हा; दोन्ही वेळा ती खूप वाढलेली निघाली. "वजन कमी करायला तुम्ही नेमकं काय केलंत?" त्यांनी विचारलं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. मला वाटत होतं, हे सकाळी चालायला जातात. हे म्हणाले, "मी चौकात पेपर वाचत बसतो. मला वाटलं, ही तेल-तूप कमी घालते."

मी काहीच कमी केलं नव्हतं. वजन कोणीच उतरवत नव्हतं. ते आपोआप चाललं होतं, आणि मी दर रविवारी त्याचं कौतुक करत होते.