बोटांची रजा

माझ्या बोटांवर रेषा उरलेल्या नाहीत, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं, आणि सांगितलं कुणी, तर एका मशीनने.

तीसेक वर्षं मी बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावून न्हाऊ घालते. बाळकुमातल्या जुन्या घरांपासून घोडबंदर रोडच्या पस्तिसाव्या मजल्यापर्यंत सगळीकडे माझे पाय लागलेले. रोज गरम पाणी, तेल, डाळीचं पीठ, वर घरची भांडी. रेषा राहतील कशाला? पण मी कधी बघितलंच नव्हतं. हाताकडे बघत बसलं तर हाताने काम कोण करणार?

आता मी त्या मशीनपर्यंत कशी पोचले ते सांगते. ठाण्यातली एक मुलगी, जिला सव्वा महिन्याची होईपर्यंत मी पायांवर घेऊन आंघोळ घातलेली, ती आता दोहाला असते. जूनमध्ये तिला बाळ होणार होतं. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, म्हणजे आई काही जाऊ शकत नव्हती. मुलीने मला फोन केला. "मावशी, तीन महिन्यांसाठी तुम्हीच या. पगार, तिकीट, कागदपत्रं, सगळं आम्ही बघतो."

"अगं, उन्हाळ्यात? तिथली माणसं उन्हाळ्यात इकडे पळून येतात, आणि मी तिकडे येऊ?"

"घरात एसी आहे, मावशी."

"मग बाळाला सर्दी होईल."

"म्हणून तर तुम्ही हव्यात!"

असं बोलता बोलता मी हो म्हणून बसले. घरी मात्र असं सांगितलं की जणू मला कुणी पकडून नेतंय. "काय करणार, पोरगी रडत होती फोनवर." पोरगी अजिबात रडत नव्हती.

ह्यांनी तोंडापुढचा पेपर खाली न करता विचारलं, "तीन महिने?"

"तीन."

"मग चहा?"

छत्तीस वर्षांच्या संसाराचा जमाखर्च त्या एका शब्दात आला. सून हसायला लागली. माझी सून ऑफिसात माणसं कामाला लावायचं काम करते, घरीही तिचं तेच चालतं. तिने लगेच फायली लावल्या, फोटो काढून आणले, मला सही पक्की करायला लावली. आणि एका सकाळी ती कामावर आणि आम्ही दोघं गाडी करून मुंबईला, व्हिसाच्या ऑफिसात.

तिथे काचेवर बोटं ठेवायची होती. समोरची बाई चांगली होती बिचारी. म्हणाली, "आजी, दाबा." मी दाबलं. "अजून दाबा." अजून दाबलं. "हळू, हळू! मशीन आहे ते." आता मला काय सवय, पाठ दिसली की रगडायची. चारदा झालं, सहादा झालं. पडद्यावर नुसते पांढरे डाग. पुरणपोळीवर तूप पडल्यावर दिसतात ना, तसे.

"ठसेच येत नाहीयेत," बाई म्हणाली. "पंधरा दिवसांनी पुन्हा या. तोवर पाण्यात हात घालू नका, क्रीम लावा, थोड्या रेषा परत दिसतील. पण तेव्हाही नाही आले तर मात्र कठीण आहे."

परत येताना ह्यांनी नाक्यावर गाडी थांबवली आणि अर्धा किलो जिलेबी घेतली. मी विचारलं, "ही कशाबद्दल?"

"सहज. देवाच्या मनात नसेल तुझं जाणं."

देवाचं नाव आणि जिलेबी ह्यांची! मला जो राग आला! खिडकीतून बाहेर बघताना माझं मलाच कळलं, मला जायचंय. पोरगी रडते म्हणून नाही आणि पगारासाठीही नाही. तीस वर्षं लोकांची पोरं मी न्हाऊमाखू घालून मोठी केली, ती विमानाने कुठे कुठे गेली, आणि मी अजून कल्याणच्या पलीकडे एकटी गेलेली नाही. मला विमानात खिडकीपाशी बसायचं होतं. हे मात्र कुणाला सांगायची सोय नव्हती. अठ्ठावन्नाव्या वर्षी खिडकीचा हट्ट कोण धरतं?

संध्याकाळी सुनेने फर्मान काढलं. "आई, पंधरा दिवस तुमच्या बोटांना रजा. भांडी नाही, कपडे नाही, पीठ मळणं नाही, कुणाचं बाळ नाही. बाबा, उद्यापासून भांडी तुमची."

"माझी?" ह्यांनी मागे वळून बघितलं, मागे दुसरे कुणी बाबा उभे आहेत का.

तिने मला पांढरे सुती हातमोजे आणले. आत व्हॅसलीन, वर मोजे. आरशात बघितलं तर लग्नातल्या बँडवाल्यासारखी दिसत होते. डोंबिवलीची बहीण व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "ताई, तू परदेशी चाललीस की ट्रॅफिक पोलिसात?"

बसून राहणं किती कठीण असतं ते मी सांगते. हे कंपनीत मशीनचे सुटे भाग पुसायचे, त्या हिशेबाने वाटी घासायचे. एक वाटी पाच मिनिटं. उजेडात धरून बघायचे, परत घासायचे. दुपारच्या जेवणाची भांडी संपेतो रात्रीच्या जेवणाची तयार. आणि मी मोजे घालून पाटावर. "अहो, आधी खरकटं काढा." "अहो, तव्याला ती घासणी नको." तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "बोटांना रजा दिली, तशी तोंडाला नाही का देत व्हिसावाले?"

नवव्या दिवशी दुपारी आमच्याच सोसायटीतल्या एक आजी धापा टाकत आल्या. त्यांच्या दीड महिन्याच्या नातवाला मीच न्हाऊ घालत होते, रजेमुळे बंद केलेलं. "अहो, पोरगं सकाळपासून कोकलतंय. डॉक्टर म्हणाले गॅस आहे, थेंब दिलेत, पण थांबतच नाही. माझे हात थरथरतात हो. तुम्ही नुसत्या पोटावरून हात फिरवा."

आता काय करायचं? पोटावरून नुसता हात फिरत नसतो. तेल आलं, गरम पाण्याचा शेक आला. नऊ दिवसांत बोटांच्या टोकांवर कुठे नखाएवढी रेघ दिसायला लागलेली. हात घातला तर ती जाणार, नाही घातला तर पोरगं रडणार. मी उठले, मोजे हातांत तसेच ठेवले आणि ह्यांना म्हटलं, "चला."

"मी कशाला?"

"हात हवेत मला. तुमचे रिकामे आहेत."

ह्यांनी स्वतःच्या दोन पोरांना कधी तेलाचं बोट लावलेलं नाही. त्या आजींच्या पलंगावर बसवून मी त्यांच्या तळव्यांवर कोमट तेल ओतलं. "आधी हात चोळा. गार हात लावाल तर ते तुमच्या अंगावर मुतेल. हां. आता बेंबीच्या भोवती, घड्याळाचा काटा फिरतो तसं. दाबू नका, पोळी लाटताना शेवटी हात हलका करतात ना, तेवढंच."

"मी कधी पोळी लाटलीय?"

"मग पंक्चर काढताना ट्यूब चाचपायचात ना, तसं!"

ते बरोबर कळलं. बाळ लालबुंद होऊन रडत होतं, आणि ह्यांच्या कपाळावर घाम. मग मी पाय दुमडायला सांगितले, गुडघे पोटाशी, हळू. दोनदा केलं, तिसऱ्यांदा बाळाने असा काही बार काढला की आजी दचकल्या. आणि पोरगं गप्प. ह्यांच्याकडे टकमक बघायला लागलं. हे तेलकट हात वर धरून तसेच बसून राहिले, कुणी हालू नका म्हटल्यासारखे.

घरी येताना म्हणाले, "जमलं की मला."

"एक पादलं म्हणून लगेच वैद्य झालात?"

दुसऱ्या दिवसापासून हे सकाळी चहा स्वतः करायला लागले, आणि चष्मा लावून माझी बोटं खिडकीशी नेऊन बघायला लागले. "आल्यात. मधल्या बोटावर आल्यात. अंगठा अजून गुळगुळीत आहे." रोजचा रिपोर्ट सुनेला व्हॉट्सॲपवर.

पंधराव्या दिवशी परत तेच ऑफिस, तीच बाई. आठ बोटं पटापट आली. डावा अंगठा कसाबसा आला. उजवा काही येईना. एकदा, दोनदा, तीनदा. बाईने मान हलवली. मी मनात म्हटलं, राहिली खिडकी.

तेवढ्यात मागच्या खुर्च्यांवरून हे उठले. तिथे सोबतच्या माणसांनी बसून राहायचं असतं, वॉचमन हात करून थांबवत होता, तरी हे काउंटरपर्यंत आले आणि बाईला म्हणाले, "मॅडम, तिचा हात पुसून बघा. घाबरली की तिच्या तळव्यांना घाम सुटतो. लग्नात माझा हात धरला तेव्हाही असाच ओला होता. तिला जायचंय हो, नीट घ्या."

तिला जायचंय. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

बाईने कागदी रुमाल दिला. ह्यांनी माझा अंगठा धरून स्वतः पुसला, वाटी पुसतात तसा, उजेडात धरून. मग काचेवर ठेवला. पडद्यावर रेषा उमटल्या. बारीक, मधेमधे तुटलेल्या, पण रेषा. बाई म्हणाली, "झालं, आजी."

बाहेर आल्यावर आम्ही फुटपाथवरच्या झाडाखाली उभे राहिलो. गाडी यायला वेळ होता.

हे म्हणाले, "तिकडे एकटी असशील. घाम कोण पुसेल?"

"दोहाच्या उन्हाळ्यात सगळ्यांनाच घाम असतो. माझा कुठला ते कुणाला कळणार नाही."

हे हसले. मग म्हणाले, "तिकीट काढताना सुनेला सांगतो, खिडकीची सीट बघ म्हणून."

मी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? छत्तीस वर्षं बसमध्ये तूच खिडकीशी बसतेस. मी आतल्या बाजूला."