ज्येष्ठा नक्षत्राची काकू

दिवेलागणीला लोक देवापुढे हात जोडतात. माझी गोदाकाकू आधी अंगणात येऊन दक्षिणेकडे पाही. उन्हाळा सरत आला की तिकडच्या आभाळात ताऱ्यांचा विंचू वर येतो आणि त्याच्या मधोमध निखाऱ्यासारखा तांबडा तारा दिसतो. तो दिसला की काकू कमरेवर हात ठेवून म्हणे, "आली वं बाई माही ज्येष्ठा!" आमच्याकडच्या बायका त्या नक्षत्राचं नाव आवाज खाली करून घेत. काकू मात्र माहेरचं माणूस आल्यासारखी खूश व्हायची.

ज्येष्ठा नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासरी गेली की नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या जिवावर येते, अशी समजूत. म्हणून तिला थोरल्याच मुलाचं स्थळ बघत. वऱ्हाडात या थोरल्या दिराला भासरा म्हणतात. काकूचं स्थळ आलं ते माझ्या धाकट्या काकांसाठी, आणि भासरा म्हणजे माझे वडील, आबा.

आजी आणि आबा मुलगी पाहायला रिठदला गेले. नाव विचारलं, तर मुलीने मान वर करून सांगितलं, "नाव गोदावरी, नक्षत्र ज्येष्ठा. मांगून कोनी म्हनू नये का लपवलं." तिच्या बापाने कपाळाला हात लावला. आजी उठून चपला शोधू लागली. आबा मात्र बसून राहिले. म्हणाले, "जे पोरगी सोताचं वंगाळ सोता सांगते, थेच आपल्या घरात पायजे." जीव ज्याचा जायचा तोच हो म्हणाला, मग आजी काय बोलणार!

काकू आली आणि वाशीमजवळचा आमचा मळा तिने हातात घेतला. तिची वांगी बाजारात मांडली की गिऱ्हाईक दुसरीकडे वळत नसे. कोणी वांग्याला नख लावून पाहिलं की ती फाडकन म्हणे, "नख कायले लावतं वं? वांगं हाये थे, काई ऊ नाई!"

भासऱ्याने भावजयीशी बोलायचं नाही, तिनेही पदर ओढून बाजूला व्हायचं, ही रीत. पण दोघंही दिवसभर मळ्यात, बोलल्याशिवाय भागणार कसं? मग दोघं बैलाशी बोलत. आबा म्हणत, "राजा, मेथीले पानी द्याचं राह्यलं म्हनाव." पलीकडून काकू त्याच बैलाला सांगे, "राजा, सकाऊनच देल्लं म्हनाव, डोये उघडून पाहा म्हनाव." बैल बिचारा कडबा खात उभा असे.

आणि एका वर्षी तापाची साथ आली. माझी आई अंथरुणाला खिळली, पाठोपाठ आबा पडले. आबांची शुद्ध हरपली तशी गल्लीतली कुजबुज आमच्या ओट्यापर्यंत आली. ज्येष्ठेने डाव साधला म्हणे! आजीने काकूचं लुगडं-चोळी गाठोड्यात बांधली आणि हात जोडले. "बाई, माह्या लेकाले वाचव. माहेरी जाय."

काकूने गाठोडं खुंटीला अडकवलं. "ताप माह्या ताऱ्यानं आनला म्हनता, तं म्याच उतरवीन. मंग जाईन." मग डोक्यावरचा पदर कमरेला खोचून ती सरळ आबांच्या उशाशी जाऊन बसली. भासऱ्याच्या कपाळाला तिचा हात लागला तेव्हा आजीने तोंड फिरवलं. काकूने ओल्या पट्ट्या ठेवल्या, चमच्याचमच्याने पेज पाजली, मधे उठून आईलाही पाहिलं. किती दिवस तिने पाठ टेकली नाही, देव जाणे.

आईला आधी बरं वाटलं. मग आबांचा ताप उतरला, त्यांनी डोळे उघडून पाणी मागितलं. काकूने पाणी दिलं, तोंड धुतलं, खुंटीवरचं गाठोडं काढलं आणि बोलल्याप्रमाणे निघाली. अंगणापर्यंत पोचली असेल नसेल, तोवर आईकडून सारं कळून भिंतीला धरून आबा दारात आले. त्यांना उभं राहवत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्याशी सरळ बोलले. "गोदाबाई, गाठोडं खाली ठेवा. तुमाले जा म्हननाऱ्यानं पयले मले ह्या घरातून बाहीर काढावं."

आजीने धावत जाऊन तिच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि तिथेच रडू लागली. मी त्या काकूची पुतणी आहे, हे मी आजही चारचौघांत मान वर करून सांगते.

माझ्या मास्तर नवऱ्याने एकदा तिला सांगितलं, की हा तांबडा तारा इतका प्रचंड आहे की आपला सूर्य त्याच्यापुढे मोहरीएवढा. काकूला जराही नवल वाटलं नाही. "मंग! तुमाले काय वाटलं जावई, म्या काजव्यावर जल्मली?"

काकू गेली ती आबांच्या आधी. काका पुढे मडकं धरून उभे होते. आबा तिरडीला खांदा द्यायला सरसावले, तशी भाऊबंदांनी त्यांना अडवलं. भासऱ्याने भावजयीला खांदा देऊ नये, त्यात तुमचं हे वय. आबांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"हिच्यापायी मी जाईन म्हनत होते न तुमी? हा पाहा, उभा हाये. सरा बाजूले."

वाटेत खांदा बदलायला लोक पुढे येत होते. आबांनी कोणालाही दिला नाही. एरवी काठीवाचून न चालणारे माझे आबा त्या दिवशी नदीपर्यंत ताठ चालत गेले.