बत्तीघरातली एक बत्ती कमी

कोळशाचा ढीग फार दिवस पडून राहिला की आतल्या आत तापतो आणि एक दिवस आपोआप पेट घेतो. आमच्या गावात हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. किश्शांचंही तसंच. फार साठले की धूर यायला लागतो, आणि मग माझ्यासारखा रिटायर माणूस दिसेल त्याला धरून सांगत सुटतो. आज तुम्ही सापडलात!

गाव भद्रावतीच्या बाजूचं. नाव सांगत नाही, कारण यातले निम्मे लोक अजून माझ्याशी बोलतात. गावात कोळशाची खाण होती, ती नव्वदीच्या दशकात बंद पडली. साहेब लोक गेले, मशिनी गेल्या, इमारती तेवढ्या राहिल्या. आणि रिकामी इमारत आमच्या लोकांना बघवत नाही. कुलूप दिसलं की यांच्या डोक्यात धंदा येतो! मी खाणीत हाजरीबाबू होतो, त्यामुळे कोण कुठल्या इमारतीत घुसला याची हाजरी अजून माझ्याकडेच आहे.

* * *

सुरुवात बत्तीघरापासून करतो, कारण आमचा अड्डा तिथे.

खाणीत उतरताना प्रत्येकाला डोक्यावर लावायची बत्ती मिळायची. आपला पितळी बिल्ला द्यायचा, बत्ती घ्यायची. बिल्ला भिंतीवरच्या खिळ्याला लटकायचा. वर आलं की बत्ती परत, बिल्ला परत. खिळ्यावर बिल्ला दिसतोय म्हणजे तो माणूस अजून खाली आहे. या बत्तीघराचा कारभार रशीदभाईंकडे होता. शेवटचा बिल्ला खिळ्यावरून उतरल्याशिवाय त्यांनी कधी घरचा रस्ता धरला नाही. मग ईद असो की पोरीचा वाढदिवस!

खाण बंद झाल्यावर साहेबांनी सामान मोजलं, तर एक बत्ती कमी भरली. रशीदभाई म्हणाले, "साहेब, गिनती पुरी झाल्याबिगर मी चार्ज कसा देऊ? मले वर तोंड दाखवाचं आहे." साहेबांना गाडी गाठायची होती. ते म्हणाले, "ठीक आहे, बत्ती मिळेपर्यंत चावी तुमच्याकडे."

झालं! रशीदभाईंनी त्याच खोलीत रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगचं दुकान टाकलं. बाकीच्या बत्त्या आतल्या रॅकवर, पडद्यामागे, चार्ज करून ठेवलेल्या. घर त्यावरच चालायचं. म्हणजे बत्ती सापडेल त्या दिवशी दुकान बंद, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

आणि बत्ती कुठे आहे, हेही सगळ्या गावाला माहीत होतं. ती मारोतीच्या घरी होती. मारोती हा आमचा जुना कामगार, शेवटच्या पाळीच्या गडबडीत बिल्ला परत घेतला आणि बत्ती डोक्यावर ठेवूनच घरी गेला. रोज सकाळी चहाला आला की रशीदभाई विचारायचे, "मारोती, बत्ती सापडली का बे?"

"पाहून राह्यलो ना भाऊ," मारोती म्हणायचा, "घर लय मोठं आहे."

घर दोन खोल्यांचं! आणि ही हरवलेली बत्ती दर शनिवारी रशीदभाईंकडेच चार्जिंगला यायची.

* * *

मॅनेजरचा बंगला इंग्लिश मीडियम स्कूल झाला. जिथे मॅनेजरसाहेबांचा कुत्रा बांधलेला असायचा, तिथे केजीचा वर्ग भरायला लागला.

आमच्यात एक पोशम आहे. मूळ सिरोंचाकडचा, खाणीच्या तोंडाशी झडती घ्यायचं काम करायचा. त्याने नातवाला या शाळेत घातलं. पहिल्या पालक-सभेला धुतलेला सदरा घालून गेला. अर्ध्या तासाने मॅडम बाहेर डोकावल्या, कारण वर्गात एकही पालक आलेला नव्हता.

पालक सगळे आलेले होते. चपला काढून, फाटकाच्या बाहेर, रांगेत उभे! वर्षानुवर्षं त्या फाटकाच्या आत जायचं म्हणजे चपराशाने नाव पुकारायला लागायचं. ते कोणी पुकारलंच नव्हतं.

मॅडम नागपूरच्या, बिचाऱ्या गोंधळल्या. म्हणाल्या, "अहो, आत या ना!"

पोशम हात जोडून म्हणाला, "नाई नाई मॅडम, आम्ही बरे आहो. तुम्हीच सांगा, पोरगा सस्पेंड तर नाई ना झाला?"

ती सभा फाटकावरच झाली. पुढच्या सभेपासून मॅडमनी फाटकाशी नावं पुकारायला शिपाई ठेवला, तेव्हा कुठे मंडळी आत गेली.

* * *

माझं हाजरीघर मंगल कार्यालय झालं. जिथे मी उशिरा आलेल्यांना हाकललं, तिथे आता वऱ्हाडाला या बसा म्हणतात. काळाचा महिमा!

मारोतीच्या पोरीचं लग्न तिथेच होतं. मुलगा गडचांदूरचा, सिमेंट फॅक्टरीतला. होमाची वेळ झाली आणि भटजींनी माचिस मागितली. आमच्या बाजूच्या झाडून सगळ्या पुरुषांचे हात खिशात गेले आणि रिकामे बाहेर आले. बिडी ओढत नाही असा आमच्यात एक शोधून सापडायचा नाही, पण माचिस एकाच्याही खिशात नव्हती!

सगळ्या माचिसा बाहेरच्या कट्ट्यावर होत्या. खाणीत माचिस नेणं म्हणजे सगळ्यांच्या मरणाला आमंत्रण, म्हणून हाजरीघरात पाय ठेवण्याआधी बिडी-माचिस कट्ट्यावर ठेवायचा नियम होता. खाण बंद होऊन वर्षं झाली, हातांना कोणी सांगितलंच नव्हतं. पाहुणे म्हणून नटूनथटून आलेल्या लोकांनीही गपचूप कट्ट्यावर माचिसा ठेवल्या होत्या, ओळीने!

मारोती धावत गेला, माचिस घेऊन परत आला, तर दारात पोशमने छातीला हात लावून त्याला अडवला. "माचिस आत नाई नेता येत!"

"अबे पोशम, माह्या पोरीचं लगन आहे!"

"असन. रूल म्हणजे रूल."

पोशम चेष्टा करत नव्हता हो! तो नंतर कबूल झाला, की हात आपसूक वर गेला आणि मग मागे घ्यायची लाज वाटली. इकडे भटजी घड्याळ बघतायत, तिकडे हे दोघे दारात हुज्जत घालतायत. शेवटी नवऱ्या मुलाच्या मामाने खिशातून लायटर काढला आणि होम पेटवला. वर म्हणाला, "आमच्या सिमेंटमध्ये चालते!"

* * *

उघड्या खदानीत पाणी भरलं होतं. मुलचेऱ्याकडून निताईदा नावाचे बंगाली गृहस्थ आले आणि त्यांनी त्यात मासे सोडले. गावात बातमी पसरली की खदान पुन्हा सुरू झाली! आमची रिटायर मंडळी लगेच काठावर जाऊन बसायला लागली.

निताईदांना आधी वाटलं, चोर आहेत. मग त्यांनी पाहिलं, की सकाळचे लोक दुपारी उठून जातात आणि बरोब्बर तेव्हाच दुसरे येऊन बसतात. जाणारे येणाऱ्यांना सांगतात, "त्या कोपऱ्यात हलचल आहे, ध्यान ठेव." कोणी सांगितलेलं नसताना यांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या! निताईदांना फुकटची राखण मिळाली. खूश होऊन ते रोज प्रत्येकाला एक मासा द्यायला लागले.

पहिल्याच रविवारी मारोतीने मासा घेतला, उलटासुलटा पाहिला आणि तिथेच उभा राहिला.

"की होलो दादा?" निताईदांनी विचारलं.

"आज संडे आहे जी," मारोती म्हणाला. "संडेच्या हाजरीले डबल लागते."

* * *

आता मारोतीच्या बायकोचा किस्सा. सिंधूबाई म्हणजे सरळ बाई, दुसऱ्याची सुई घरात ठेवणार नाही, म्हणून बत्तीची गोष्ट गावाने एकट्या तिच्यापासून लपवलेली. दिवाळीची साफसफाई करताना तिला फळीवर ती बत्ती दिसली. कंपनीची वस्तू घरात! तडक उचलली आणि बत्तीघरात आली.

नेमके त्या दिवशी कंपनीचे स्टोअरबाबू चौकशीला आलेले. रशीदभाईंसमोर चहा पीत बसले होते. सिंधूबाईने बत्ती टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "घ्या रशीदभाऊ, तुमची बत्ती. आमच्या माणसाले अक्कल नाई."

आम्ही सगळे दगड.   रशीदभाईंनी बत्ती उचलली, कानाशी नेऊन हलवली, खडूने त्यावर नंबर टाकला आणि रिपेअरिंगच्या रेडिओंमध्ये ठेवून दिली. म्हणाले, "ठीक आहे भाभी. मंगळवारी घेऊन जा."

"म्या रिपेरिंगले नाई देली!"

"सगळे असंच म्हणतात भाभी. मंगळवारी या."

स्टोअरबाबूंनी एकदा बत्तीकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि चहा संपवून निघून गेले. घरी मात्र मारोतीने बोलणी खाल्ली. रशीदभाईंचं दुकान त्या बत्तीवर टिकून आहे, हे त्याने तेव्हा पहिल्यांदा बायकोला सांगितलं.  मग मंगळवारी सिंधूबाई स्वतः जाऊन बत्ती घेऊन आली आणि तांदळाच्या कणगीत पुरून ठेवली.

* * *

आणि मग ते नवे साहेब आले.

तरुण, हुशार, बोलायला चांगले. आदल्या दिवशी निरोप आला होता, की बत्तीघर खाली करून घ्यायला साहेब येणार. गावात दिवसभर कुजबुज. संध्याकाळी जीप खाणीच्या जुन्या फाटकाशी थांबली, तिथून पुढे रस्ता उरलेलाच नव्हता. साहेब चालत आले. त्यांच्या हातात बत्ती होती! दुसऱ्या खाणीतून ते एक जादा बत्ती घेऊनच आले होते.

"एकच कमी होती ना? ही घ्या. आता गिनती पूर्ण. चावी द्या."

रशीदभाईंनी बत्ती घेतली.  ती टेबलावर ठेवली. मला फार वाईट वाटलं. मग त्यांनी मोजायला आतल्या रॅकचा पडदा सरकवला.

रॅक अर्धा रिकामा!

रशीदभाईंनाच धक्का बसला. त्यांनी वळून भिंतीकडे पाहिलं. खिळ्यांवर ओळीने पितळी बिल्ले लटकत होते. साहेब यायच्या जरा आधीच ते नमाजला गेले होते आणि दुकानात पोशमला बसवलं होतं. लोकांनी आठवण म्हणून जपलेले, किल्ल्यांना लावलेले, पोरांना खेळायला दिलेले बिल्ले शोधून आणून दिले होते आणि नियमाने बत्त्या नेल्या होत्या.  रशीदभाईंनी चष्मा काढून पुसला.

"हे काय आहे?" साहेब ओरडले. "बत्त्या कुठायत?"

रशीदभाईंनी बिल्ल्यांकडे हात केला. "साहेब, माणसं खाली आहेत. वर आल्याबिगर मले बंद नाई करता येत."

"कुठे खाली? खाण बंद आहे!"

तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली आणि लाईट गेले. साहेब दारात आले. समोरच्या चाळीत एक बत्ती लागली. मग शेजारी. मग पलीकडच्या ओळीत. सिंधूबाई डोक्यावर बत्ती बांधून अंगणात भाकरी थापत होती. पोशमचा नातू बत्तीच्या उजेडात इंग्रजी कविता म्हणत होता. साहेबांनी बोटाने बत्त्या मोजायला घेतल्या आणि मधेच सोडून दिल्या.

शेवटी म्हणाले, "माझी जीप लांब आहे. वाटेत खड्डे आहेत."

"बत्ती घ्या ना साहेब," रशीदभाई म्हणाले आणि साहेबांनीच आणलेली बत्ती टेबलावरून उचलली. पण हातात देईनात. "बिल्ला?"

साहेबांनी खिसे चाचपले. मग खिशाचं पेन काढून दिलं. रशीदभाईंनी ते खिळ्याला अडकवलं आणि स्वतः साहेबांच्या डोक्यावर बत्ती बांधून दिली. साहेब गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला गावात गेलेल्या सगळ्या बत्त्या परत आल्या आणि बिल्ले उतरले. मारोतीची पुन्हा तांदळात गेली.

पुढे काही वर्षांनी दुसरे एक अधिकारी बत्तीघर ताब्यात घ्यायला आले. रशीदभाईंनी त्यांना चहा दिला, खुर्ची दिली आणि खिळ्यावरचं पेन दाखवलं.

"साहेब, चावी देलीच असती. पण एक माणूस अजून खाली आहे."

"कोण?"

"तुमचेच साहेब."