मक्यातला गहू

कल्पना करा, तुम्हाला कडकडून भूक लागली आहे. जेवणाची सुट्टी छोटी आहे आणि समोर छतापर्यंत भरलेलं किराणा दुकान आहे. अट एकच: ज्यात गहू, जव किंवा राय या धान्यांचा कणही नाही असं काहीतरी घेऊन बाहेर पडायचं.

पाव, बिस्किटं, केक, नूडल्स यांच्याकडे तुम्ही बघतच नाही. ते उघड शत्रू. तुम्ही बटाट्याच्या चिप्सचं पाकीट उचलता. बटाटा, तेल, मीठ, त्यात काय असणार? पण तुम्ही उचललंय तिखट चवीचं पाकीट, आणि त्या चवीच्या भुकटीत गव्हाचं पीठ आहे. ठेवा खाली. मसाला शेंगदाणे? त्यांच्यावरचं कुरकुरीत कवच मैद्याचं. कॉर्नफ्लेक्सच्या तर नावातच मका आहे, पण मागच्या बारीक अक्षरांत माल्टही आहे, आणि माल्ट म्हणजे बहुतेक वेळा मोड आणलेला जव. सूपचं पाकीट? दाटपणासाठी मैदा. सोया सॉस? त्यात सोयाबीनच्या बरोबरीने गहू. सुट्टी संपते. तुम्ही केळं घेऊन बाहेर येता. केळ्याच्या सालीवर काही वाचावं लागत नाही, हा त्याचा मोठेपणा.

बंदरात धान्याची जहाजं रिकामी करणाऱ्या क्रेनवरची एक बाई हा खेळ रोज खेळायची. धक्क्यावर तिला सगळे घार म्हणतात. उंच केबिनमध्ये बसून ती खालच्या जहाजाच्या पोटात लोखंडी जबडा सोडते. त्याला तिकडे ग्रॅब म्हणतात. ग्रॅबने धान्याचा घास घ्यायचा, वर उचलायचा, बाजूला वळवून नरसाळ्यासारख्या टाकीवर उघडायचा. टाकीखाली ट्रक उभे असतात. घारीचा हात असा बसलेला, की तेवढा मोठा जबडा ती टाकीवर नेऊन ठेवायची तर पाळण्यात मूल ठेवल्यासारखा. एक जहाज संपून दुसरं लागलं की इतर क्रेनवाले पाय मोकळे करायला उतरत. ती उतरत नसे. "घारीचा हात थांबत नाही," असं साहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा, आणि वर वॉकीटॉकीवर ते ऐकताना तिला गुदगुल्या होत.

मग एका दुपारी केबिनमध्ये तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हातात भरलेला ग्रॅब लटकत होता. तिने तो सावकाश जहाजात टेकवला, यंत्र बंद केलं आणि वॉकीटॉकीवर सांगितलं, "मला गरगरतंय. कोणीतरी घ्यायला या." लपवलं असतं तर त्या दिवशी कोणाला कळलंही नसतं. पण खाली माणसं होती.

तपासण्या झाल्या. रक्त कमी, वजन कमी, आणि या सगळ्याच्या मागे सीलियाक नावाचा आजार. डॉक्टरबाईंनी कागदावर आतड्याचं चित्र काढून दाखवलं. गव्हातलं, जवातलं आणि रायमधलं ग्लूटेन तिच्या पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच आतड्याची लव झिजवतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध एकच: ते खायचं नाही. थोडंसुद्धा नाही.

"थोडं म्हणजे किती थोडं?" घारीने विचारलं.

"पावाचा चुरा."

"एवढुसा?"

"एवढुसाच. आणि तब्येत सुधारल्याचं मी लिहून देईपर्यंत उंचावर चढायचं नाही."

क्रेनचा साहेब वाईट नव्हता. त्याने तिला नोकरीवरून काढलं नाही, खाली उतरवलं. जमिनीवरून क्रेनला खुणा करणाऱ्या काकांच्या हाताखाली तिला उभं केलं. पण एक गोष्ट त्याने सरळ सांगितली: पुढच्या तपासणीत रिपोर्ट सुधारला नाही, तर केबिन कायमची दुसऱ्याकडे जाईल. घारीने मान हलवली आणि घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "आजपासून घरात गहू बंद."

नवरा घड्याळं दुरुस्त करतो. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं टेबल आहे. डोळ्याला भिंग लावून बसायची सवय, म्हणून पाकिटांवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायचं काम आपोआप त्याच्याकडे आलं. किराणा दुकानात तो डोळ्यात भिंग अडकवून एकेक पाकीट नाकाशी धरायचा.

"अहो, लोक बघतायत," ती कुजबुजायची.

"बघू देत. त्यांना वाटेल, पाकिटात हिरा आहे."

"काय लिहिलंय पण?"

"स्टार्च. कशाचा ते लिहिलेलं नाही."

"मग ठेवा खाली."

हा नियम तिने क्रेनवरून आणला होता. खालून स्पष्ट खूण आली तरच ग्रॅब हलवायचा. खूण अर्धवट दिसली, माणूस ट्रकच्या आड गेला, आवाज नीट आला नाही, तर हात जागच्या जागी. कळलं नाही याचा अर्थ 'हो' नव्हे. पाकिटांनाही तिने हाच नियम लावला. ओळखीच्या पाकिटालासुद्धा दर वेळी नव्याने. एकदा नेहमीच्या चटणीच्या बाटलीवर 'आता अधिक चवदार' असं छापून आलं. नवऱ्याने भिंग लावलं. अधिक चव अर्थातच सोया सॉसची होती.

हॉटेलात मात्र वाचायला काही नसतं, तिथे विचारावंच लागतं. बंदराच्या फाटकासमोर एक हॉटेल आहे. तिथल्या वाढप्याला तिने पहिल्या दिवशी विचारलं, "यातल्या कशाकशात गहू नाही?"

"कशातच नाही ताई," तो छातीठोकपणे म्हणाला. "आमच्याकडे सगळं मैद्याचं."

नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. घार हसली नाही. तिला भूक लागली होती.

मग तिने आचाऱ्यालाच बाहेर बोलावलं. तो कपाळावर आठ्या घालून आला. स्वयंपाकात खोट काढायला बोलावलंय असं त्याला वाटलं. घारीने सरळ सांगितलं, "मला गव्हाचा कण चालत नाही. भात परतताना त्यात काय काय टाकता?"

"तेल, भाज्या, अंडं, मीठ, सॉस."

"सॉस वगळता येईल?"

"येईल. पांढरा दिसेल."

"दिसू दे. बटाटे कशात तळता?"

"कढईत."

"त्याच कढईत पावाचा चुरा लावलेलं काही तळता?"

आचाऱ्याने मागे वळून कढईकडे बघितलं. मग म्हणाला, "सकाळपासून तेच तळतोय."

"मग बटाटे उकडून द्या."

त्याने उकडून दिले. वर स्वच्छ धुतलेल्या वेगळ्या तव्यावर भात परतून दिला. तो तवा पुढे त्याने वेगळ्या खिळ्यालाच टांगला. वाढप्यांना दम भरला, की या तव्याला कोणी हात लावला तर गाठ माझ्याशी आहे. महिन्याभराने तर तो हॉटेलाच्या दारातूनच तिला ओरडून सांगू लागला, "आज सूप घेऊ नका, पातळ झालं म्हणून पीठ लावलंय."

एवढं सगळं करून झालेली रक्ततपासणी वाईट आली. ग्लूटेनमुळे शरीर किती चवताळलंय हे सांगणारा आकडा थोडा उतरला होता, पण पुरेसा नाही. डॉक्टरबाईंनी कागद पुढेमागे केला.

"कुठून तरी गहू पोटात जातोय."

"नाही जात," घार म्हणाली.

"मी तुम्हाला खोटं ठरवत नाही. पण हा आकडा हवेतून येत नाही. धक्क्यावर मास्क लावता ना?"

"लावते. दिवसभर."

"मग खाण्यातच काहीतरी आहे. रोजचं काहीतरी. ज्याच्यावर तुम्हाला शंकाच येत नाही असं."

साहेबाने तिला आणखी एका तपासणीपर्यंत मुदत दिली. त्या रात्री ती जेवलीच नाही. नवऱ्याने सगळे डबे टेबलावर मांडले, एकेक वाचून काढला. मक्याच्या पिठाशी तर तो थांबलाही नाही. पाकिटावर घटक म्हणून एकच शब्द छापलेला होता: मका. पावाच्या जागी ती रोज त्याच पिठाच्या जाड चकत्या तव्यावर भाजून खायची. ज्या पाकिटावर एकच शब्द आहे, तिथे लपायला जागा कुठे?

उत्तर तिला धक्क्यावर मिळालं. गव्हाचं जहाज संपून मक्याचं लागलं होतं. काका हात उंच करून वरच्या क्रेनवाल्याला खुणा करत होते, घार मास्क लावून शेजारी उभी होती. ग्रॅब टाकीवर आला, उघडला, मका धो धो पडू लागला. आणि त्या पिवळ्या धारेत कडेने एक तपकिरी रेघ उतरली.

"काका, थांबवा."

काकांनी लगेच मूठ वर केली. क्रेन थांबली. "काय अडकलं?"

"अडकलं नाही. गहू पडतोय."

"मग? गहूच आहे ना, साप तर नाही?"

"ग्रॅब झाडला नव्हता?"

"जहाज बदललं म्हणून ग्रॅब कोण झाडतं?" काका म्हणाले. "तू झाडून घ्यायचीस?"

घारीने मान वर करून ग्रॅबकडे बघितलं. वरून ग्रॅबची पाठ तेवढी दिसते. त्याच्या कोपऱ्यांत, दातांच्या सांध्यांत मागच्या जहाजाचा गहू चिकटलेला असतो, हे केबिनमधून कधी दिसलंच नव्हतं. इतकी वर्षं गहू संपला की पुढच्या श्वासाला तिने मका उचलला होता. तिचा हात थांबत नसे ना!

घरी जाताना तिने बाजारातून अख्खा मका घेतला आणि नवऱ्याच्या टेबलावर पांढऱ्या कापडावर ओतला. तो भिंग आणि चिमटा घेऊन बसला. सुरुवातीला नुसता मका. मग चिमट्याच्या टोकात एक गव्हाचा दाणा. मग आणखी एक. शेवटी बाजूला छोटासा ढीग झाला.

"घड्याळ उघडल्यावर काही जास्तीचं उरलं की मला घाम फुटतो," तो म्हणाला. "आज पहिल्यांदाच नाचावंसं वाटतंय."

"आणि पीठ दळलं की यातलं काहीच दिसत नाही," घार म्हणाली.

"दिसत नाही, आणि पाकिटावरचा शब्दही खोटा नाही. मकाच भरला होता बिचाऱ्यांनी."

दुसऱ्या दिवशी ते दाणे कागदात बांधून ती डॉक्टरबाईंकडे गेली. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "हे मला सुचायला हवं होतं. निवडण्यावर विसंबू नका, धूळ निवडता येत नाही. ज्याच्यावर ग्लूटेन तपासल्याचं छापलंय तेच पीठ घ्या." तसं पीठ मोठ्या दुकानात मिळालं. बाकी तिने काहीच बदललं नाही. तोच तवा, तोच आचारी, तेच उकडलेले बटाटे. मुद्दाम. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणार कसं?

काही आठवड्यांत तिला जिना चढताना कठडा धरावा लागेना. मग गालांवर रंग आला. काका म्हणाले, "पोरी, तू आता ओरडतेस तेव्हा ऐकू यायला लागलंय." तपासणीचा दिवस आला तेव्हा नवरा बरोबर गेला आणि बाहेरच्या बाकावर बसून भिंतीवरचं घड्याळ मागे चाललंय म्हणून कुरकुरत राहिला. घार बाहेर आली. तिने कागद त्याच्या हातात दिला. त्याने सवयीने खिशातलं भिंग काढलं.

"अहो, मोठ्या अक्षरांत आहे."

त्याने तरी भिंग लावूनच वाचलं. आकडा जवळजवळ निरोगी माणसाइतका खाली आला होता आणि शेवटी डॉक्टरबाईंचा सहीनिशी शेरा होता: उंचावर काम करण्यास हरकत नाही.

ती केबिनमध्ये चढली तेव्हा खाली सगळ्यांनी माना वर केल्या होत्या. तिने खुर्ची आपल्या मापाला सरकवली, काचेवरचं दुसऱ्या कोणाचं तरी चिकटवलेलं चित्र काढून टाकलं आणि काम सुरू केलं. पहिला ग्रॅब टाकीवर गेला तो पूर्वीसारखाच, पाळण्यात मूल ठेवल्यासारखा.

दुपारी गव्हाचं जहाज संपलं. शेजारचं मक्याचं. काकांनी हात वर करून खूण दिली. ग्रॅब हलला नाही.

वॉकीटॉकीवर साहेबाचा आवाज आला. "घार, काय झालं? पुन्हा गरगरतंय का?"

"नाही साहेब. ग्रॅब खाली टेकवतेय. झाडून द्या, मग मका उचलते."

"जहाज थांबलंय."

"जहाज मीच थांबवलंय."

पलीकडे साहेबाने घड्याळ बघितलं. मग, "किती वेळ लागेल?"

"काका चहा घेतात तेवढा."

"मग दिवस जाईल," साहेब म्हणाला.

"माझ्या चहाला मधे आणू नका," काकांनी खालून बजावलं.

पण साहेब स्वतः खाली आला. ग्रॅबमध्ये वाकून बघितलं, कोपऱ्यात बोट फिरवलं आणि बोटावर आलेला गहू बराच वेळ न्याहाळला. मका मागणाऱ्याला मकाच मिळायला हवा, एवढंच तो म्हणाला. झाडू आले, हवेचा पाइप आला, सांध्यांतून गव्हाचा फवारा उडाला. खालची माणसं शिंकली. तेव्हापासून त्या धक्क्यावर धान्य बदललं की ग्रॅब झाडतात. शेजारच्या क्रेनवाल्याने आधी नाक मुरडलं, आता तोच खूण मिळायच्या आधी विचारतो, "झाडला का?"

काका स्वच्छ ग्रॅबपासून बाजूला झाले, त्यांनी हात उंचावला. घारीने जहाजाच्या पोटातून मका उचलला आणि टाकीवर उघडला. या वेळी धार नुसती पिवळी होती.

भरलेला ट्रक फाटकातून बाहेर पडला. केबिनमधून तो बराच लांबपर्यंत दिसतो: वळणावर, मग पुलावर, मग कोठारांच्या रांगेकडे. तिथून मका गिरणीत जाणार, गिरणीतून पाकीट भरायच्या यंत्रात, आणि पाकिटावर एकच शब्द छापला जाणार. या ट्रकमध्ये सकाळी काय होतं? त्या गिरणीत मक्याच्या आधी काय दळलं, आणि मधे कोणी झाडलं का?