नयनाचा कीबोर्ड

परीक्षित मोहालीत प्रोग्रॅमर. बिऱ्हाड जवळच्याच खरड गावी, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. बायको नयना घरूनच भाषांतरं करायची आणि बोलण्यात कुणाला हार जायची नाही. आधी तिची जीभ जड झाली, मग बोटं. चंदीगडच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्नायू एकेक करून जातील, उपाय नाही. वर्षभरात तिचं बोलणं थांबलं.

परीक्षितनं छत्तीस बटणांचा, दोन तुकड्यांचा छोटा कीबोर्ड मागवला. दोन हातांशी दोन तुकडे ठेवता येत. कुठल्या बटणावर काय, ते त्यालाच ठरवायचं होतं; एकाच बटणाला थर देऊन दर थरात वेगळं अक्षर बसवता येई. पहिल्या थरात नेहमीची व्यंजनं. अंगठ्याचं बटण दाबून धरलं की त्याच बटणांवर स्वर आणि काना-मात्रा. तिसरा थर त्यानं हौसेनं केला. त्यात एका बटणात अख्खं वाक्य होतं. ‘पाणी दे.’ ‘कूस बदल.’ ‘बरं वाटतंय.’

नयनानं तो एकदाच वापरून पाहिला. मग एकेक अक्षर शोधत स्क्रीनवर लिहिलं, “बरं वाटतंय हे ठरवणारा तू कोण?”

“तुझे कष्ट वाचावेत म्हणून गं.”

“माझं मी बोलेन. मला अजून भांडायचंय.”

त्यानं ती वाक्यं काढून टाकली.

डावा हात गेला तेव्हा सगळी अक्षरं उजव्या तुकड्यावर आली, थर वाढले. पुढं दोनच बोटं उरली. एका शब्दाला पाच-पाच मिनिटं लागत. शब्द आधीच ओळखला तरी परीक्षित तो पुरा करायचा नाही. नववीतली मुलगी ओजस्विनी आईला खेटून बसायची, मराठी वाचायची आणि हिंदीत उत्तर द्यायची.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी, ओजस्विनी शाळेत असताना, नयनानं लिहिलं, “ओजूला सांग की”. बोटं थांबली.

“दमलीस? राहू दे, उद्या लिही,” परीक्षित म्हणाला. तिनं डोळे मिटले. संध्याकाळी श्वास अडकला, इस्पितळात हलवलं. चौथ्या दिवशी ती गेली.

तेराव्यानंतर ओजस्विनीनं आईच्या लिखाणाची फाईल उघडली. “पापा, आई क्या बताना चाहती थी?”

त्याच्या ओठांवर बरंच आलं. रडू नकोस, अभ्यास कर, तू माझी शहाणी मुलगी आहेस. पोरीला कुठलंही खरं वाटलं असतं.

“माहीत नाही, बाळा. एवढंच लिहिलं होतं तिनं,” तो म्हणाला. “उद्या लिही, असं मीच म्हणालो.”

ओजस्विनी त्याला खेटली. त्या अर्ध्या ओळीकडं बघत दोघं तशीच बसून राहिली.