बिनइंजिनाच्या मोटारीचा तान्हा पोळा

मोटार स्वस्त करण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे तिच्यातून इंजिन वगळणे. हा शोध नागपूरच्या सदर भागातल्या एका मोटारप्रेमी मंडळात लागला आणि तो लागला तेव्हा मी तिथे हजर होतो. मंडळाच्या सभांना मी चहासाठी जात असे.

सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत नवी मोटार हवी असेल तर नंबर लावावा लागे. नंबर बापाने लावायचा आणि गाडी मुलाने घरी आणायची, असा रिवाज होता. मंडळाच्या सभासदांना ही अडचण नव्हती. त्यांच्याकडे वडिलांच्या विलायती गाड्या होत्या. त्या रविवारी ताडपत्रीखालून निघत, सिव्हिल लाइन्समध्ये एक फेरी मारत आणि बहुतेक वेळा ढकलतच परत आणाव्या लागत. अशाच एका रविवारी, गाडी ढकलणारी माणसे घाम पुसत असताना, अध्यक्षांना तरुण पिढीची काळजी वाटू लागली. अध्यक्ष वकील होते आणि काळजी मोठ्याने करत.

तरुणांनी सुट्या भागांतून स्वतःची मोटार बांधावी आणि ती त्यांच्या खिशाला परवडावी, असा ठराव झाला. कामठीच्या लष्करी लिलावातून सांगाडे, चाके, स्प्रिंगा, स्टिअरिंग आणि ब्रेकचे सामान आणायचे ठरले. उपाध्यक्ष सागवानाचे व्यापारी, त्यामुळे वरच्या बांधणीच्या फळ्या त्यांच्या वखारीतून येणार होत्या. सगळी बेरीज केल्यावर वर्गणी एखाद्या तरुणाला नव्हे, त्याच्या सासऱ्यालाच परवडेल अशी निघाली. मग इंजिन वगळले. वर्गणी लगेच आवाक्यात आली आणि टाळ्या पडल्या. इंजिन एकच आणायचे, बांधलेल्या गाड्यांची स्पर्धा घ्यायची आणि तिच्यात जो पहिला येईल त्याला ते बक्षीस द्यायचे, असे ठरले.

मी विचारले, "इंजिन नसताना कोणाची गाडी चांगली, ते कसं ठरवणार?"

"आपण कॉलेजात काय शिकवता?" अध्यक्षांनी विचारले.

"तर्कशास्त्र."

"तरीच," ते म्हणाले, आणि सभा पुढच्या विषयाकडे, म्हणजे चिवड्याकडे, वळली.

हे सगळे मी घरी गंमत म्हणून सांगितले, ही चूक झाली. माझा भाचा तेव्हा आमच्याकडे राहून पॉलिटेक्निकचे शेवटचे वर्ष करत होता. काटोलकडच्या एका खेड्यातला मुलगा. हातात पाना असला की तो जेवण विसरे आणि नसला की उगाच वाद घाली. त्याने दुसऱ्याच दिवशी नाव नोंदवले.

त्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, त्याच्यासाठी तहसील कचेरीत जागा पाहून ठेवली होती. त्याला स्वतःचे वर्कशॉप काढायचे होते. भाऊजींची घरची संत्र्याची बाग, तीन बैलजोड्या आणि बोलणे मोजके. ते नागपूरला आले, ओसरीवर बसले आणि त्यांनी निकाल दिला.

"दिवाळीले याच गाडीत बसून घरी ये. आला, तं सडकेवरची जागा तुले वर्कशॉपले देतो. नाही आला, तं गुपचूप कचेरीत जाऊन बस."

"येतो ना," भाचा म्हणाला.

"इंजिन कोठी आहे गा?"

"बक्षिसात भेटते."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिले. शिकलेल्या माणसाच्या घरी मुलगा ठेवला की असे होते, एवढे त्या पाहण्यातून मला नीट कळले.

पुढचे काही महिने आमच्या अंगणात तो सांगाडा उभा होता. भाच्याने फळ्या जेमतेम बसण्यापुरत्या ठोकल्या आणि बाकी सगळा जीव ब्रेकमध्ये घातला. लिलावातले ब्रेक गंजलेले होते. त्याने ते उघडले, घासले, जोडले आणि जमले नाही म्हणून पुन्हा उघडले.

मी म्हटले, "अरे, जी गाडी चालत नाही तिला थांबवायची एवढी काय घाई आहे?"

"मामा, चालवता कोणालेही येते. मंडळवाल्यायच्या गाड्या पाहा, थांबता येत नाही म्हणून झाडाले टेकवतेत."

हे खरे होते.

स्पर्धेचा दिवस जवळ आला तेव्हा मंडळाला माझा प्रश्न आठवला. परीक्षण कसे करायचे, हे कोणालाच माहीत नव्हते. कोणीतरी सुचवले की मोहल्ल्यात दरवर्षी तान्हा पोळ्याला लाकडी नंदींची स्पर्धा होते आणि तिचे परीक्षक अनुभवी आहेत, त्यांनाच बोलावू. नागपूरबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्याकडे पोळा झाला की दुसऱ्या दिवशी लहान मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून दोरीने ओढत घरोघर नेतात आणि मोठी माणसे त्यांना बोजारा म्हणून खाऊ किंवा नाणी देतात. ज्याचा नंदी उंच आणि नटलेला, त्याला बक्षीस. मंडळाला ही सूचना इतकी पटली की त्यांनी मोटारींची स्पर्धाही त्याच दिवशी ठेवली. मांडव एकच, लाउडस्पीकर एकच, परीक्षक तेच.

त्या परीक्षकांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे चाके असलेली, दोरीने ओढलेली, स्वतःहून न चालणारी वस्तू आली. आयुष्यभर त्यांनी तेवढेच पाहिले होते. त्यांनी उंची पाहिली, झूल पाहिली, बेगड पाहिली. उपाध्यक्षांच्या पुतण्याने आपल्या मोटारीला पुढे सागवानी नंदीचे मुंडके कोरून बसवले होते. शिंगांना आरसे आणि गळ्यात घागरमाळ. मुंडके इतके मोठे होते की इंजिन बसायची सगळी जागा त्यानेच व्यापली होती. परीक्षक त्याच्याभोवती फिरले ते हात जोडूनच.

मग ते भाच्याच्या गाडीपाशी आले. तिला रंगही नव्हता.

"काका, ब्रेक पाहा," भाचा म्हणाला. "उतारावर चार जणांनी ढकलली तरी जागची हलत नाही."

"आमच्या घरचा दगडाचा पाटाही हलत नाही गा," मुख्य परीक्षक म्हणाले. "शिंगं काहून नाही लावले?"

"मोटारीले शिंगं कायले पाहिजे?"

"सण आहे ना. काही तरी लावाचं होतं."

इंजिन पुतण्याला मिळाले. इतर स्पर्धकांना अध्यक्षांनी स्वहस्ते बोजारा दिला, चिवड्याची पुडी आणि संत्राबर्फीचा एक तुकडा. भाच्याला तेव्हा मिशा होत्या. त्याने पुडी घेतली, ब्रेक सोडला आणि गाडी ढकलत घरी आणली. चिवडा मी खाल्ला. बरा होता.

दसऱ्याला भाचा वखारीत गेला. ते इंजिन तुम्हाला बसवता येत नाही, तर मला विकत द्या, असे तो उपाध्यक्षांना म्हणाला. इंजिन तिथे गल्ल्याशेजारी पाटावर ठेवले होते. त्याच्यावर झेंडूचा हार होता आणि कुंकवाची बोटे.

"आता कसं देता येईल बेटा?" उपाध्यक्ष म्हणाले. "त्याची पूजा झाली. धंद्याला लाभलं आहे ते."

लष्करी लिलावातल्या इंजिनाला असा मोक्ष मिळालेला मी दुसरा पाहिला नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात भाचा संत्रामार्केटमधून घरी आला तो गावच्या एका गाडीवानाला घेऊनच. गाडीवानाच्या रेंगीचे, म्हणजे लहान बैलगाडीचे, चाक मार्केटच्या फाटकाशीच मोडले होते. संत्री हातोहात विकली गेली होती, पण बैलजोडी आता रिकामी परत न्यावी लागणार होती. दोघांनी अंगणात सांगाड्याच्या पुढे दोन लांब लाकडी बल्ल्या बांधल्या आणि त्यांवर जू ठेवले. पहाटे निघालो. मागच्या फळीवर मी, पुढे स्टिअरिंग धरून भाचा आणि त्याच्या शेजारी कासरा धरून गाडीवान.

"तू हात काढ गा, बैलायले रस्ता ठाऊक आहे," गाडीवान दर फर्लांगाला म्हणे.

"मोटार आहे ते," भाचा दर वेळी म्हणे.

रस्त्यावरचे लोक पाहत होते. मी पुस्तक वाचत असल्याचे दाखवले.

काटोलच्या अलीकडे एक लांब उतार आहे. तिथे गाडीवान खाली उतरला, कारण जड गाडीचे वजन उतारावर बैलांच्या मानेवर येते आणि बैल कोलमडतात. तो चाकाखाली टाकायला दगड शोधू लागला. भाच्याने ब्रेकवर पाय ठेवला. गाडी मागून बैलांना न रेटता, त्यांच्याच चालीने सावकाश उतरली. जू मानेवर सैल पडले होते. गाडीवान दगड हातात घेऊन तसाच उभा राहिला. खाली पोचल्यावर त्याने दगड टाकला आणि स्टिअरिंगबद्दल पुन्हा काही म्हटले नाही.

भाऊजी फाटकात उभे होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"इंजिन?"

"नाही भेटलं," भाचा म्हणाला. "पण बसून आलो."

बहीण पदर तोंडाला लावून हसत होती. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी गाडीवानाला बाजूला घेतले आणि बराच वेळ त्या उताराचे ऐकले. मग स्वतः चढून बसले आणि पाय ब्रेकवर दाबून पाहिला.

"माह्या तिन्ही गाड्यायले हे बसवून दे," ते म्हणाले. "सडकेवरच्या जागेत बस. कचेरीले मी नाही म्हणून सांगतो."

भाच्याला बैलगाड्या दुरुस्त करायच्या नव्हत्या. त्याचे तोंड उतरले ते मी पाहिले. पण तहसील कचेरी त्याने पाहिली होती. त्याने मान हलवली.

पुढे ही बातमी सदरपर्यंत गेली. मंडळाच्या योजनेतून पहिली मोटार रस्त्यावर आली, असे अध्यक्षांनी जाहीर केले आणि फोटोग्राफर घेऊन ते काटोलकडे निघाले. त्यांची विलायती गाडी त्याच उतारावर एका बाभळीला टेकली, म्हणून ते उरलेले अंतर एसटीने आले. गाडीपुढे बैल जुंपलेले पाहून ते जरा थांबले. मग फोटोग्राफरला म्हणाले, "बैल सोडून घ्या, फक्त मोटार येऊ द्या."

"काहून सोडता गा?" भाऊजी म्हणाले. "आणली तं या बैलायनेच."

बैल सोडले गेले नाहीत. त्यांना कॅमेऱ्याच्या बाहेर ठेवण्यासाठी फोटोग्राफर बराच तिरका झाला. तो फोटो मंडळाच्या भिंतीवर पुढे अनेक वर्षे होता. अध्यक्ष हसत आहेत, भाचा हसत नाही, आणि डाव्या कोपऱ्यात एक शिंग आले आहे.